बेरीज जुळली, हाडे जुळली नाहीत : एका बाकदार मांडीच्या हाडाचे प्रकरण

“डॉक्टर, उजवा गुडघा करायचाय. पण डाव्यासारखा नको.”

६६ वर्षांच्या या बाईंनी खुर्चीत बसता बसताच हे सांगितले. डावा गुडघा सहा वर्षांपूर्वी मीच बदलला होता आणि माझ्या नोंदीत त्यापुढे ‘निकाल चांगला’ असे लिहिलेले होते. जखम वेळेत भरली होती, गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत होता, एक्स-रेत इम्प्लांट घट्ट दिसत होते. तरीही जिना उतरताना त्यांना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचायचे. खुर्चीतून उठताना वाटी बाजूला सरकते की काय, असे वाटायचे. तिसऱ्या महिन्यात मी ‘हळूहळू बरे होईल’ म्हणालो होतो. वर्षाने ‘मांडीचे स्नायू कमी पडतात’ म्हणालो. त्यानंतर त्यांनी सांगायचेच सोडून दिले.

हे प्रकरण उजव्या गुडघ्याचे आहे, पण डाव्याला वगळून ते सांगता येत नाही. बाईंच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आखूड फिल्ममध्ये सगळे ठीक होते

उजव्या गुडघ्याची तपासणी नेहमीसारखीच होती. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला, आतल्या बाजूची कूर्चा संपलेली. गुडघा १० अंश आखडलेला, पूर्ण सरळ होत नव्हता; पुढे १०५ अंशांपर्यंत वाकत होता. उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेले. एवढे पाहून शस्त्रक्रियेची तारीख देता आली असती. डाव्याच्या वेळी मी तेच केले होते.

या वेळी खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म काढायला सांगितली. कारण एकच : त्यांचे ते पहिले वाक्य.

गुडघाबदलाशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकांसाठी इथे थोडे थांबतो, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली, तर ती शरीराचा भार वाहणारी रेषा. मांडीच्या हाडाचा दांडा या रेषेत नसतो. खुब्याचा गोळा दांड्यापेक्षा आतल्या बाजूला असतो, त्यामुळे दांडा आणि भाररेषा यांच्यात कोन पडतो. बहुतेकांत तो ५ ते ७ अंशांचा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर खुबा डोळ्यांना दिसत नाही, हाडाची पोकळी मात्र हाताशी असते. म्हणून गुडघ्याकडून पोकळीत रॉड सारायचा, जिगवर, म्हणजे करवतीला दिशा देणाऱ्या साच्यावर, ५, ६ किंवा ७ अंश लावायचे आणि त्या आधाराने करवत चालवायची, ही पद्धत रूढ झाली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ नावाचा कृत्रिम गुडघा बसवायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण ज्या पद्धतीने शिकलो तिचे ध्येय ‘पाय सरळ करा’ हेच राहिले, आणि पद्धत उपयोगाची आहे यात शंका नाही. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : दांडा सरळ आहे.

बाईंच्या मांडीचे हाड सरळ नव्हते. दांडा मधोमध बाहेरच्या बाजूला ८ अंश वाकलेला होता. त्यामुळे गुडघ्याजवळचा दांडा आणि भाररेषा यांच्यातला कोन भरला साडेनऊ अंश.

आता गंमत म्हणू नये, पण लक्षात ठेवावे असे काही. सांध्याची रेषा गुडघ्याजवळच्या दांड्याशी बाहेरून किती कोन करते ते मोजले, तर आले साडेएक्याऐंशी. नेहमीचा आकडा ८१ च्या आसपास असतो. म्हणजे गुडघ्यापुरता एक्स-रे पाहणाऱ्याला हे हाड अगदी नमुनेदार वाटणार. फरक होता तो फिल्मच्या वरच्या कडेबाहेर, मांडीच्या मध्यावर. तिथवर आखूड फिल्म पोचतच नाही.

वाक खरा की दिसण्यापुरता?

लांब फिल्म पाहून लगेच विश्वास ठेवला नाही, आणि कुणी ठेवू नये. मांडीचे हाड मुळात पुढच्या बाजूला थोडे बाकदार असतेच. पाय बाहेर फिरवून ठेवला, की तोच पुढचा बाक फिल्मवर बाहेरचा दिसू लागतो. गुडघा आखडलेला असेल तर घोटाळा आणखी वाढतो. पहिल्या फिल्ममध्ये वाटी मध्यावर नव्हती, आणि वरच्या टोकाचा लहान उंचवटा, लेसर ट्रोकँटर, जरा जास्तच बाहेर आलेला दिसत होता. पाय बाहेर फिरलेला असल्याची ती खूण. वाटी समोर येईल असा पाय ठेवून फिल्म पुन्हा काढली. पहिल्या फिल्मवरचा वाक ११ अंश होता, दुसऱ्यावर ८. साडेनऊचा कोन या दुसऱ्या फिल्मवरचा. तीन अंशांचा फरक निव्वळ पाय कसा ठेवला यामुळे पडला.

वाक खरा ठरल्यावर दुसरा प्रश्न : तो जुना आहे की अजून वाढतो आहे? हाडांच्या ठिसूळपणावर वर्षानुवर्षे बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांत दांड्याच्या बाहेरच्या कडेला चोचीसारखा जाडसर उंचवटा येऊ शकतो. ती अर्धवट मोडीची खूण असते. अशा हाडात रॉड सारणे धोक्याचे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दीर्घ कमतरतेनेही लांब हाडे वाकतात. बाईंनी असे कोणतेही औषध घेतले नव्हते. दांड्याची कड दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होती, मांडीत दुखत नव्हते, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज ठीक होते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले, ते आधी भरून काढले. वाक जुना, स्थिर आणि त्यांचा स्वतःचा, असा निष्कर्ष निघाला.

तेरा अंशांतले कोणाचे किती

उजवा पाय भाररेषेपासून एकूण १३ अंश व्हॅरस, म्हणजे बाहेर वाकलेला होता. हा आकडा एकच असला, तरी तो तीन जागांहून आलेला असतो आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय करवतीला हात लावू नये असे माझे आता मत आहे.

भाररेषेशी मांडीच्या हाडाच्या सांध्याच्या रेषेचा बाहेरचा कोन ९१ अंश होता. साधारणतः तो ८७-८८ असतो. नडगीच्या हाडाचा आतला कोन ८४, साधारणतः ८७. दोन्हींतला फरक ७ अंश. हा व्हॅरस हाडांच्या घडणीतला, झीज सुरू होण्याआधीपासूनचा. उरलेले ६ अंश आतली कूर्चा झिजल्याने आणि बाहेरची लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडे बांधणारे पट्टे, सैल पडल्याने आलेले. आजार फक्त त्या सहांचा.

अशी घडण दुर्मिळ नाही. २०१२ साली बेल्जियमच्या योहान बेलमन्स यांनी २५० निरोगी तरुणतरुणींच्या पायांची मापे घेऊन प्रसिद्ध केली. त्यांत ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय ३ अंश किंवा त्याहून अधिक व्हॅरसमध्ये होते. या लोकांना ना दुखणे होते ना झीज. त्यांच्यापैकी एखाद्याचा गुडघा पुढे चाळीस वर्षांनी बदलताना आपण पाय ‘सरळ’ केला, तर त्या माणसाच्या दृष्टीने तो सरळ नाही, नवा वाकडा.

आणि आता डाव्याकडे येतो.

डाव्या पायाची लांब फिल्म त्याच दिवशी काढली होती. त्या पायाचा दांडाही तसाच वाकलेला, कोन १० अंश. मी जिगवर लावले होते ६. परिणामी मांडीच्या हाडावरचा भाग भाररेषेशी ४ अंश व्हॅरसमध्ये बसला होता. नडगीवरचा भाग २ अंश व्हॅरसमध्ये. एकूण ६.

गणित करून पाहिले आणि थबकलो. त्यांची मूळ घडण ७ अंश व्हॅरसची, डावा पाय ६ वर. म्हणजे चुकून का होईना, मी त्यांना जवळजवळ मूळ जागी नेऊन ठेवले होते. मग तक्रार कशाची? पायाच्या मूळ घडणीप्रमाणे इम्प्लांट बसवावे असे मानणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याने हा आकडा पाहून मला शाबासकी दिली असती.

उत्तर बेरजेत नव्हते, वाटणीत होते. डाव्या पायाचे मूळ हाड आता पाहता येत नाही. पण दांड्याचा वाक दोन्हीकडे जवळपास सारखा होता आणि शस्त्रक्रियेआधीच्या जुन्या आखूड फिल्ममध्ये नडगीचा उतारही उजव्यासारखाच दिसत होता. त्यामुळे दोन्ही पाय एकमेकांची प्रतिबिंबे धरणे चुकीचे नाही. तसे धरले, तर काटकोनापासून मोजलेली मूळ वाटणी होती मांडीकडे १ (९१) आणि नडगीकडे ६ (८४). मी केलेली वाटणी मांडीकडे ४ आणि नडगीकडे २. पाय तेवढाच वाकडा, पण सांध्याची रेषा वेगळ्याच दिशेला झुकलेली.

२०२१ मध्ये मॅकडेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सीपॅक या गुडघ्याच्या घडणीच्या वर्गीकरणात नेमके हेच वेगळे काढले आहे. दोन कोनांची वजाबाकी केली की पायाची घडण कळते. बेरीज केली की सांध्याच्या रेषेचा कल कळतो. १८० च्या आसपास बेरीज आली तर रेषा दोन्ही पायांवर उभे असताना जमिनीला साधारण समांतर; १७७ च्या खाली गेली तर आतल्या बाजूला उतरती. बाईंची मूळ बेरीज ९१ आणि ८४ मिळून १७५. डाव्या गुडघ्यात मी केलेली बेरीज ९४ आणि ८८ मिळून १८२. सात अंशांनी सांध्याची रेषा फिरवली होती, आणि सहा वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंची लिगामेंट जन्मभर एका रेषेच्या सवयीची, त्यांना दुसऱ्याच रेषेभोवती ताणून ठेवले.

सीटीने आणखी काय दाखवले

डाव्या गुडघ्यात जंतुसंसर्ग नाही हे आधी नक्की केले. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि सांध्यातल्या पाण्याची तपासणी, तिन्ही स्वच्छ. मग दोन्ही गुडघ्यांचा सीटी स्कॅन. इथे लांबीतल्या वाकाइतकीच महत्त्वाची दोन मापे निघाली.

पहिले, फिरकीचे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मागच्या बाजूला दोन गोलाकार कॉन्डाइल असतात आणि कडेला दोन उंचवटे, एपिकॉन्डाइल, जिथे लिगामेंट चिकटतात. गुडघा वाकतो तो साधारण या उंचवट्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती. शस्त्रक्रियेत मात्र सोयीची असते मागच्या कॉन्डाइलची रेषा. म्हणून जिगमध्ये तिच्यापासून ३ अंश बाहेर फिरवायची सोय केलेली असते. सरासरीत हे बरोबर. माणसागणिक हा फरक शून्याच्या जवळही असतो आणि पाच-सहाही. बाईंच्या उजव्या गुडघ्यात तो ५ अंश होता. डाव्यात मी ३ लावले होते आणि स्कॅनमध्ये तो भाग बरोबर २ अंश आत फिरलेला दिसला. वाटी बाजूला सरकल्यासारखी का वाटत होती, त्याचे एक कारण इथे होते.

दुसरे, रुंदीचे. मांडीच्या हाडाचा पुढून मागे आकार आणि आडवी रुंदी एकाच प्रमाणात वाढत नाहीत. दोन माणसांत पुढून मागे माप तेच असले, तरी रुंदीत अनेक मिलिमीटरचा फरक असू शकतो. स्त्रियांची हाडे त्याच मापाला बऱ्याचदा अरुंद असतात. उजव्या हाडाचे पुढून मागे माप ५६ मिमी, रुंदी ६० मिमी. डाव्या गुडघ्यात मी पुढून मागच्या मापावरून आकार निवडला होता आणि धातूची कड बाहेरच्या बाजूला हाडाच्या ४ मिमी पुढे आली होती. नेमक्या त्याच जागी, जिथे गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअस स्नायूची दोरी घासून जाते, बाई बोट ठेवून दाखवत होत्या. ३ मिमीहून जास्त कड बाहेर राहिली तर दुखण्याची शक्यता वाढते, हे छापून आले आहे. मी वाचलेही होते. त्या दिवशी टेबलावर कड बोटाने चाचपून पाहिली नाही, एवढेच.

त्या जागी भूल देणारे इंजेक्शन दिले. चार तास जिना दुखल्याशिवाय उतरता आला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

बाईंशी बोलणे

उजव्याची योजना करण्याआधी डाव्यात काय झाले ते सांगणे मला भाग होते. फिल्म समोर ठेवून, आकडे सोपे करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे हे मोजायचं साधन तेव्हा नव्हतं का तुमच्याकडे?”

“होतं,” मी म्हणालो. “मी वापरलं नाही.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं माझंच मन कमकुवत आहे. घरच्यांनाही तसंच वाटायचं.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. गुडघाबदलानंतर साधारण पाचातला एक रुग्ण समाधानी नसतो, हे आपण परिषदांमध्ये ऐकतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तक्रारी स्वभावाच्या खात्यावर टाकतो. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण हाड मोजल्याशिवाय तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या सर्जनचे मत घ्यायचे असेल तर सगळ्या फिल्म देतो, असेही सांगितले. त्यांनी ते घेतले, आणि मग परत माझ्याकडेच आल्या.

योजना

तीन वाटा होत्या. दांड्याचा वाकच हाड कापून सरळ करायचा आणि मग गुडघा बदलायचा, ही पहिली. वाक इतका असतो की भाररेषेला काटकोनात कापायला गेल्यास करवत लिगामेंटच्या चिकटण्याच्या जागेत घुसते, तेव्हा हाच मार्ग उरतो. फिल्मवर रेषा मारून पाहिली; इथे ती एपिकॉन्डाइलपासून सुरक्षित अंतरावर होती. एवढ्यासाठी दोन मोठ्या शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हते.

दुसरी वाट पाय पूर्ण सरळ करण्याची. त्यासाठी आतली लिगामेंट मोठ्या प्रमाणात सोडवावी लागली असती, म्हणजे हाडाच्या घडणीची शिक्षा लिगामेंटला. तिसरी, मूळ ७ अंश जसेच्या तसे ठेवण्याची. नडगीचा भाग ६ अंश व्हॅरसमध्ये ठेवण्याचे धाडस मी करत नाही. आतल्या बाजूच्या प्लॅस्टिकवर आणि त्याखालच्या हाडावर दीर्घकाळ पडणाऱ्या भाराची मला काळजी वाटते. काही सहकारी या बाबतीत माझ्यापेक्षा मोकळे आहेत.

मी मधला मार्ग घेतला. मांडीचे हाड भाररेषेला काटकोनात, म्हणजे ९०. नडगीचे ८७. पाय ३ अंश व्हॅरसमध्ये राहणार आणि दोन कोनांची बेरीज १७७, त्यांच्या मूळ १७५ च्या जवळ.

नडगीचा मागे जाणारा उतार १२ अंश होता. माणसामाणसांत तो अगदी सपाटीपासून १५ अंशांपर्यंतही आढळतो. मागचे क्रूशिएट लिगामेंट (सांध्याच्या आतला मागचा पट्टा) काढून टाकणारे इम्प्लांट वापरायचे असल्याने उतार ५ वर आणायचे ठरवले. उतार कमी केला की गुडघा वाकवताना मागची जागा आवळते, हे हिशेबात धरून. वाटीची जाडी फक्त १९ मिमी. तिच्यावर ८ मिमीची प्लॅस्टिकची चकती बसवायची आणि एकूण जाडी तीच ठेवायची, तर हाड उरते ११. बारापेक्षा पातळ वाटी मोडायची भीती असते. कूर्चा बऱ्यापैकी शाबूत होती, म्हणून वाटीला हात लावायचा नाही असे ठरले.

टेबलावर

आमच्याकडे नॅव्हिगेशन (संगणकाने दिशा दाखवणारी यंत्रणा) किंवा रोबो नव्हता. ते असते तर मांडीच्या पोकळीत रॉड घालावाच लागला नसता आणि काम सोपे झाले असते, हे मान्य आहे. पण लांब फिल्म, सी-आर्म (टेबलाजवळचे फिरते एक्स-रे यंत्र) आणि जाडी मोजायचा कॅलिपर एवढ्यावर हे काम होऊ शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भूल दिल्यावर, निर्जंतुक चादरी पसरण्याआधी, सी-आर्मखाली खुब्याच्या गोळ्याचे केंद्र शोधून त्यावर ईसीजीची चकती चिकटवली. वरून चादर आली तरी ती बोटाला लागते.

वाकलेल्या पोकळीत लांब रॉड घातला तर तो मध्यावर भिंतीला अडतो आणि स्वतःच तिरका होतो. म्हणून आखूड रॉड घेतला. छिद्र कुठे पाडायचे तेही फिल्मवर आधीच मोजून ठेवले होते : गुडघ्याजवळच्या दांड्याची रेषा खाली वाढवली, तर ती नेहमीच्या जागेपेक्षा ३ मिमी बाहेरच्या अंगाला निघत होती. नेहमीच्याच जागी छिद्र पाडले असते, तर कोन बरोबर लावूनही रॉड चुकीच्या रेषेत गेला असता. जिगवर ९ अंश लावले. ठोकळा टाचण्यांनी बसवला, त्याला बाहेरून सरळ सळई जोडली आणि ती चकतीवर जाते का ते पाहिले. किंचित बाहेर जात होती, तेवढी सुधारणा करून घेतली. अर्धा अंश हाताने साधतो असा माझा दावा नाही.

कापल्यावर दोन्ही तुकडे कॅलिपरने मोजले. बाहेरचा ९ मिमी, आतला ६. माझ्या ज्युनिअरने मान वर केली. शिकताना आपण पाहिलेले असते की आतला तुकडा जाड निघतो, बाहेरचा पातळ. इथे उलटे झाले होते. पण हिशेब नीट लागत होता. आतली कूर्चा २ मिमी झिजलेली, आणि सांध्याची रेषा ९१ वर असल्याने बाहेरचा कॉन्डाइल जवळपास १ मिमी खाली उतरलेला. जिगवर ६ अंश ठेवून कापले असते तर दोन्ही तुकडे बहुधा ९-९ मिमीचे सुबक निघाले असते. ते पाहून कुणाला शंकाही आली नसती. डाव्याच्या वेळी तसेच झाले असणार.

फिरकीसाठी मागच्या कॉन्डाइलपासून ५ अंश लावले आणि दोन ठिकाणी ताडून पाहिले : एपिकॉन्डाइल बोटाने चाचपून, आणि वाटीच्या खोबणीच्या तळातून जाणाऱ्या व्हाइटसाइड रेषेला काटकोन धरून. तिन्ही जुळले. एकाच खुणेवर विसंबू नये. झिजलेल्या गुडघ्यात कुठली तरी खूण झिजलेली असतेच.

आकाराने मात्र पेच टाकला. ५६ मिमीला बसणारा आकार ४ मिमी रुंद पडत होता. एक आकार लहान घ्यावा, तर जिगचा आधार पुढून असल्याने मागच्या कॉन्डाइलमधून जास्त हाड जाते आणि गुडघा वाकवल्यावर सैल पडतो. आधार मागून घेतला, तर पुढे हाडाला खाच पडते आणि तिथून मोड होऊ शकते. सुदैवाने इम्प्लांटच्या त्या संचात तेवढ्याच उंचीचा अरुंद प्रकार होता आणि तो आधीच मागवून ठेवला होता. तो बसवल्यावर कडेवरून बोट फिरवले. सगळीकडे हाड लागले, धातू कुठेही पुढे आला नव्हता.

नडगीचा भाग बसवताना टेंपलेट करून, म्हणजे फिल्मवर इम्प्लांटची जागा आधीच आखून, ठेवल्याचा पुन्हा उपयोग झाला. व्हॅरस घडणीच्या नडगीत दांडा पठाराच्या बरोबर मध्याखाली नसतो, आणि ट्रे, म्हणजे नडगीवरची धातूची बैठक, मध्यावर ठेवला तर खालची दांडी एका भिंतीला भिडू शकते. दीड मिमी सरकवून ती वाचवली. त्याची फिरकी अकागी रेषेवर, म्हणजे मागच्या क्रूशिएटच्या मध्यापासून वाटीच्या कंडरेच्या आतल्या कडेपर्यंतच्या रेषेवर ठेवली.

ट्रायल, म्हणजे चाचणीचे तात्पुरते भाग, बसवून पाय सरळ केला तेव्हा आतली बाजू २ मिमी आवळलेली होती. आतल्या कडेवर वाढलेली हाडाची टोके काढली आणि मागच्या आतल्या कोपऱ्यातले आवरण थोडे सोडवले. तेवढ्याने भागले. आतल्या मुख्य लिगामेंटला सुरी लागली नाही. अंगठा न लावता वाटी खोबणीत मधोमध चालत होती.

एक वर्षानंतर

उजव्या पायाची लांब फिल्म : साडेतीन अंश व्हॅरस. गुडघा पूर्ण सरळ होतो, ११८ अंशांपर्यंत वाकतो. जखमेच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा आहे, तो बहुधा राहणार. पहिले तीन महिने सूज बरीच होती आणि त्या काळात त्या घाबरल्या होत्या. मीही. जिना आता उजव्या पायाच्या भरवशावर उतरतात.

डाव्याचा निर्णय सोपा नाही. कड बाहेर आलेल्या जागी पॉप्लिटिअसची दोरी दुर्बिणीतून सोडवता येते. इंजेक्शनने आराम पडल्यामुळे त्याचा उपयोग होण्याची आशा आहे. फिरकी आणि सांध्याच्या रेषेचा कल मात्र त्याने बदलणार नाही. त्यासाठी घट्ट बसलेले इम्प्लांट काढावे लागेल, सोबत हाडही जाईल, आणि दुसऱ्या वेळच्या गुडघाबदलाचा निकाल पहिल्याइतका भरवशाचा नसतो. ६ अंशांमुळे आतल्या प्लॅस्टिकची झीज लवकर होते का, हेही पाहत राहावे लागणार आहे.

हे सगळे त्यांना सांगितले. “उजवा अजून एक वर्ष नीट वापरू दे,” त्या म्हणाल्या, “मग ठरवते. पण त्याआधी डाव्याचंही माप घ्या. सगळं.”

ते घेऊन ठेवले आहे. दर वर्षी दोन्ही पायांची लांब फिल्म, वाटी समोर ठेवून, काढायची असे त्यांच्या कागदावर लिहिले आहे. ‘निकाल चांगला’ ही जुनी नोंद तशीच राहू दिली आणि तिच्याखाली तारीख घालून चारही कोन लिहिले.